मागचं अंगण करून देणाऱ्या मिस्तरीभाऊंना

मिस्तरीभाऊ,

हिशेब झाला, तुम्ही आईच्या पाया पडलात आणि पुढच्या कामावर निघून गेलात. आभार मानायचे राहूनच गेले. पुण्याला परतल्यापासून तेच मनात घोळतंय, म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

अमळनेरच्या आमच्या घरामागचं अंगण तुमच्याआधी एकाने केलं होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथे जन्मलेल्या त्या माणसाला ठाऊक नव्हतं थोडंच? तरी त्याने त्याच मातीवर जेमतेम २ इंचांचा थर टाकला, वरून गुळगुळीत घोटला आणि पैसे घेऊन गेला. पहिल्याच पावसात कोबा फुटला. ढाळ घराकडे निघाला, पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीशी साचायला लागलं. शेवाळ धरल्यावर आईने मागचं दार उघडणंच सोडलं. फोन केला तर म्हणाला, "ताई, माती हलली, त्याला मी काय करू?" पुढे फोन उचलणंही बंद. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नंतर जे जे पाहायला आले त्यांनी मलाच विचारलं: किती स्क्वेअर फूट, बजेट किती. तुम्ही टेप खिशातून काढलाच नाही. ओट्यावर बसलेल्या आईजवळ उकिडवे बसलात आणि विचारलंत, "माय, उन्हाळामा तू कोठे बसस?"

भाऊ, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. बाबा गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आईला ओलांडून माझ्याशी बोलतो. घर तिचं, अंगण तिचं, आणि तिला फक्त चहा टाकायला सांगायचं. तुमचा प्रश्न ऐकून ती आधी गप्पच राहिली. मग वॉकर ओढला आणि दाखवत सुटली. चारनंतर निंबाची सावली कुठवर येते, कुरडया-पापडांना दिवसभर ऊन कुठे मिळतं, वॉकर वळवायला जागा किती लागते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका कोणत्या फांदीला बांधायचा. तुम्ही तिच्यामागून फक्कीने रेघा ओढत गेलात. तोच अंगणाचा नकाशा झाला. आई कोणाशी इतकं बोलताना मी कितीतरी दिवसांनी पाहिली.

पुढचं कामही तसंच मन लावून झालं. काळी माती उपसून मुरूम दाबून भरलात, वर ४ इंचांचं काँक्रीट, आणि घरापासून लांब जाणारा ढाळ, १० फुटांना २ इंच. तडा गेलाच तर तो सरळ जावा म्हणून ८-८ फुटांवर काप दिलेत. निंबाच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी सोडलीत. मे महिन्याच्या उन्हात माल टाकायला साफ नकार देऊन ऊन उतरेपर्यंत थांबलात. आईचा पाय घसरू नये म्हणून वर झाडू फिरवून खरबरीत ठेवलंत. १० दिवस गोणपाटं ओली ठेवायचं काम तुम्ही तिच्याकडेच सोपवलंत, आणि तिने शेजारच्या पोरांना हाताशी धरून ते असं काही केलं की विचारू नका.

हात चांगला असलेले मिस्तरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण पैसे कोण देतंय ते बाजूला ठेवून, जो त्या जागेत राहणार त्याचं आधी ऐकून घ्यायचं, ही माणुसकी मोठमोठ्या ऑफिसांतही मला फारशी दिसलेली नाही. तुम्हाला ती कोणी शिकवली असेल त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

यंदा आखाजीला वहिनींना, लेकरांना आणि तुमच्या हाताखालच्या दोन्ही पोरांना घेऊन घरी या. आई खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे, आमरस आहेच. काम आहे म्हणून टाळू नका, तिने माणसं मोजून ठेवली आहेत.

तुमची,
अमळनेरची ताई