बशीतला परिणाम, रक्तातले प्रमाण

हळदीतील कर्क्युमिन अंडाशयाच्या कर्करोगावर गुणकारी ठरल्याची बातमी (रविवार पुरवणी) वाचली. प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचा होता, हे शेवटच्या ओळीत आले. ते मथळ्यातच हवे होते. बशीत कर्क्युमिन थेट पेशींना भिडते. पोटात घेतलेले मात्र फारसे शोषले जात नाही; शोषले जाते त्याचेही आतडे आणि यकृत झटपट रूपांतर करतात. कित्येक ग्रॅम घेऊनही रक्तात अत्यल्पच सापडते.

वनस्पतिजन्य औषध अशक्य आहे असे नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध यू वृक्षाच्या सालीतूनच मिळाले. पण त्याची रासायनिक रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ मध्ये. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून खास द्रावकात मिसळून शिरेवाटे देतात. आणि त्या द्रावकाचीच ॲलर्जी उसळू नये म्हणून आधी स्टेरॉइड!

– एक वाचक