चर्चमधल्या त्या ताई आणि काकांसाठी

नाव लिहीत नाही कारण ताईंना ते आवडणार नाही, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये. मागच्या वर्षी मी पार खचलो होतो, झोप नाही, प्रार्थनेला शब्द सुचेनात, आणि लोक म्हणायचे विश्वास कमी पडतोय तुझा, त्याने अजूनच अपराधी वाटायचं. एका रविवारी उपासना संपल्यावर मी मागच्या बाकावर बसूनच राहिलो, तर ताई शेजारी येऊन बसल्या, बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग हळूच सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" मी हो म्हणालो, पहिल्यांदाच कुणापुढे. त्या दचकल्या नाहीत, उपदेश नाही, पाप वगैरे काही नाही, फक्त माझा हात धरून ठेवला. नंतर बायबलमधलं स्तोत्र 88 वाचलं, जे अंधारातच संपतं, आणि म्हणाल्या हेही पवित्र शास्त्रातच आहे, देवाला असं बोललेलं चालतं.

त्या रात्री काका माझ्या घरी थांबले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे सोबत आले. गोळ्या घ्यायची मला लाज वाटत होती तर म्हणाले, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा देवदूताने आधी त्याला खायला दिलं, झोपू दिलं, रागावला नाही. पुढे कितीतरी आठवडे रोज संध्याकाळी ताईंचा मेसेज यायचा, "आहेस ना? उत्तर नको, फक्त एक टिंब पाठव." मी टिंब पाठवायचो.

ताई, काका, खूप खूप आभार. आज टिंबाऐवजी हे एवढं लिहिलंय.