मंजे, काच ठरली, उंची अडलीय

प्रिय मंजे,

बरेच दिवस माझं पत्र नाही, रागावली असशील. राग नंतर काढ, आधी हे वाच, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. तुझं लाकूड पुन्हा पाण्यात जातंय.

तेच गं, दुसरं कुठलं असणार. आपली माशांची जुनी टाकी मोडली तेव्हा "सांभाळ, पण फांदी तोडायची नाही" असं बजावून गेलीस. तेव्हापासून ते माझ्याच कपाटावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. परवा खाली काढलं. वर वळलेली ती फांदी शाबूत आहे. टोकाशी तू दोऱ्याने मॉसचं हिरवं रोपटं बांधलं होतंस ना, तिथे दोऱ्याचा वळ अजून दिसतो. जमिनीवर उभं करून टेप लावली तर ४१ सेंटीमीटर भरलं. आणि त्या ४१ ने माझी झोप उडवलीय.

टाकी मला रिमलेसच करायचीय. वर पट्टी नाही, आडव्या काचा नाहीत, कोपऱ्यांना प्लास्टिक नाही. पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणारे ते जपानी ताकाशी अमानो, त्यांच्या टाक्यांचे फोटो पाहत आपण रात्र-रात्र जागायचो आणि तू म्हणायचीस की हा माणूस पाणीच उभं करतो. ते गेले २०१५ साली. त्या वेळी तू केलेला फोन मला अजून आठवतो. तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी अशी टाकी स्वतःच्या हातांनी करायची. आता जागा आहे, वेळ आहे, दादाच्या भाषेत खूळही आहे.

लांबी १२० ठरली, रुंदी ५०. रुंदीवरून घरात वाद झाला. सगळ्यांचं म्हणणं ४० पुरे. पण पाणी भरलं की समोरून बघताना रुंदी तीन-चतुर्थांशच वाटते, हे त्यांना कोण सांगणार? आतली साडेसत्तेचाळीस डोळ्यांना जेमतेम ३६ दिसणार. ४० घेतली असती तर तुझं लाकूड मागच्या काचेला चिकटवल्यासारखं वाटलं असतं. शिवाय रुंदी वाढवली तरी समोरच्या काचेवरचा दाब तसूभरही वाढत नाही. दाब फक्त पाण्याच्या उंचीचा, मागे किती पाणी आहे त्याचा नाही. दादाला हे अजिबात पटत नाही. "मागे एवढं पाणी आणि काचेला कळणार नाही?" असं तो तीन-तीनदा विचारतो. संजूने त्याला कागदावर गणित करून दाखवलं, तर म्हणाला कागद भिजत नाही.

खरी मारामारी उंचीशी आहे. ४५ उंची काठोकाठ भरली तर समोरच्या लांब काचेवर सगळा मिळून १२१ किलोंचा जोर येतो. तुला हवी होती तशी ६० केली असती तर २१६. उंची एक तृतीयांशाने वाढली की जोर पावणेदोन पटींच्या वर जातो, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. आठवतं ना, एंजल माशांसाठी उंच टाकी, उंच टाकी म्हणून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस? मंजे, तेव्हाही मी बरोबर होते आणि आजही आहे. एंजल देखणे असतात हे मात्र तुझं खरं.

आणि हा सगळा जोर झेलायला वर काहीच नाही. फ्रेमच्या टाकीत वरची कड बांधलेली असते. इथे ती मोकळी, त्यामुळे मधोमध बाहेर फुगते. थोडी फुगणारच, काच आहे. पण ती फुग डोळ्यांना दिसायला लागली की मला त्या खोलीत बसवणार नाही. म्हणून जाडी. छंदी लोक वापरतात त्या सूत्राने, ३.८ चा सुरक्षा गुणक धरून, ४५ उंचीला साधारण ८ मिलिमीटर येते. १० घेतली असती तरी चाललं असतं. मी १२ घेतेय. काचेचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १० वरून १२ वर गेलं की वाकणं चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतं. दोन मिलिमीटरमध्ये एवढं मिळत असेल तर मी वजनाला भीत नाही. वजनही काही थोडं नाही, नुसती काचच ६३ किलो. दोघांना उचलवणार नाही, चौघं लागतील.

आता टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच. दादा त्यावरच अडून बसलाय: चार-पाचपट मजबूत असते, मग तीच का नको? मजबूत असते, खरंय. पण वाकायची तेवढीच वाकते. भट्टीतून काढल्यावर ताकद वाढते, ताठपणा नाही, आणि माझी भीती तर वाकण्याची आहे. एकदा टफन्ड झाली की मिलिमीटरभरही कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. आणि फुटते तेव्हा एका क्षणात सगळीच्या सगळी, बारीक खड्यांत. कडेला बसलेला मार किंवा आत अडकलेला निकेल सल्फाइडचा एखादा कण, एवढ्यावर ती कधी कुणाचा हात न लागताही जाते. साध्या फ्लोट काचेला बहुतेक वेळा आधी तडा जातो, पाणी झिरपायला लागतं, बादल्या आणायला वेळ मिळतो. जुन्या टाकीच्या त्या कोपऱ्याने आपल्याला वेळ दिला होता की नाही? पहाटे दोघी बादल्या घेऊन उभ्या होतो आणि तू गाणं म्हणत होतीस.

रंगाचं मात्र मी आज कारखान्यात जाऊन, डोळ्यांनी पाहून ठरवलं. तिथल्या माणसाने पांढऱ्या कागदावर दोन तुकडे कडेवर उभे केले. दोन्ही १२ मिलिमीटर, एक साधा, एक एक्स्ट्रा क्लिअर. साध्याची कड गर्द हिरवी, तळ्यातल्या शेवाळासारखी. दुसऱ्याची जवळजवळ रंगच नसलेली, किंचित निळसर झाक. फरक काय तर लोखंडाचा. साध्या काचेत लोहाचा अंश साधारण ०.१ टक्का, यात त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. एवढ्याने लाल माशाचा लाल बदलतो, मंजे. मी तुकड्यामागे हात धरून बघत होते. साध्या काचेतून माझाच हात आजारी माणसाचा वाटत होता. समोरची आणि बाजूच्या दोन एक्स्ट्रा क्लिअर, मागची आणि तळाची साधी. मागे दुधी फिल्म लागणार आहे, तिथे कोण बघतंय.

तिथेच एका मोठ्या काचेच्या कोपऱ्यावर मला टवका दिसला. नखाएवढा, शिंपल्यासारखा आत खोलगट, कड बोटाला लागेल अशी. माणूस म्हणाला पॉलिशमध्ये जाईल. मी म्हटलं, पॉलिशच्या आधी बाजूला ठेवा. काच मधून कमी आणि कडेवरून जास्त मोडते, तडा नेमका अशाच जागेवरून निघतो. त्याने काही न बोलता दुसरी काच काढली. हिरकणीची रेघ मारून तो ज्या सहजतेने काच मोडत होता ते तू पाहायला हवं होतंस. एकच बारीक आवाज, आणि सरळ सोट कड.

मापं मिलिमीटरमध्ये लिहून दिलीत. भिंती तळाच्या काचेवर उभ्या, लांब काचा १२०० च्या, बाजूच्या त्यांच्या मध्ये. म्हणजे बाजूची रुंदी ५०० वजा दोन जाड्या वजा काचा चिकटवणाऱ्या सिलिकॉनच्या दोन फटी, एकेक मिलिमीटरच्या: ४७४. तू तळ भिंतींच्या आत घ्यायच्या पक्षाची, माहीत आहे. तो वाद आपण पुन्हा घालू, टिकतात दोन्ही. चारही कडा फ्लॅट पॉलिश, कारण रिमलेसमध्ये वरची कड म्हणजेच टाकीचा चेहरा. भोक कुठेच नाही. फिल्टर बाहेर, काचेचे पाइप काठावरून आत.

सिलिकॉनच्या भीतीने मात्र मध्यंतरी मला पछाडलं होतं. फ्रेम नाही म्हणजे टाकी फक्त त्या जोडांवर उभी. मग रात्री उठून हिशेब केला. समोरच्या काचेचा तळाचा आणि दोन बाजूंचा जोड मिळून अडीचशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. १२१ किलो त्यावर वाटले तर सरासरी चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोही येत नाही. खाली जास्त, वर कमी, पण चांगलं सिलिकॉन याच्या कित्येक पट ताणतं. त्यानंतर मला झोप लागली. व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन घेतेय. बुरशीनाशक घातलेलं, न्हाणीघरासाठी विकतात ते, अजिबात नको, त्याने मासे मरतात. आणि पारदर्शक, हो, काळं नाही! काळ्याच्या आड शेवाळ लपतं हा तुझा मुद्दा मी विसरले नाही, पण काळी रेघ आली की पुन्हा फ्रेमच आली.

या कामाला दोघी लागतात. पाच-दहा मिनिटांत सिलिकॉनवर साय धरते. तेवढ्यात काच बसवायची, गुण्या लावायचा, कर्ण मोजायचे आणि साय धरायच्या आत मास्किंग टेप ओढून काढायची. एकीने धरायचं, एकीने ओढायचं. दादा धरेल, पण सूचना देत बसेल. संजूचे हात थरथरतात. तुझे नाही थरथरत.

स्टँडला सुतार पाणसळ लावून गेलाय. फ्रेमच्या टाकीत दोन मिलिमीटरची तिरकस पट्टीमागे खपते, इथे पाण्याची रेघ काठाशी लगेच चुगली करते. तिरकसपणापेक्षा मला पीळ नको आहे. चार कोपऱ्यांतला एक खाली असला तर खालचा फोमही वाचवत नाही.

तर आता ते ४१. लाकूड पूर्ण बुडवायचं तर ४५ हवी, पाणी ४२ पर्यंत. मी तसंच लिहून दिलं होतं. पण आज कारखान्यातून परतताना सुचलं की वर झाकण नाही, पट्टी नाही, मग फांदी पाण्याबाहेर का येऊ नये? उंची ३६ केली तर लांब काचेवरचा जोर १२१ वरून ७८ वर येतो. रुंद, उथळ, शांत टाकी. तुझी फांदी सात-आठ सेंटीमीटर पाण्याच्या वर, टोकावर हवेतलं मॉस. फ्रेम आणि हूडच्या टाकीत हे कधी जमलंच नसतं. मला हे फार आवडलंय. पण लाकूड तुझं आहे, आणि दोऱ्याचा वळ आहे तोच भाग कोरडा राहणार. म्हणून मी कारखान्यात काच कापायची थांबवलीय. तू हो म्हटलंस तर ३६, नाही म्हटलंस तर ४५. दोन्हीला माझी तयारी आहे, ओठ दाबून नाही, मनापासून. उड्या मारणारे मासे तेवढे घेणार नाही.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन पुढे ढकललं असं वैनी म्हणाल्या. चिनूला दहावीचा फार धसका घेऊ देऊ नकोस. नव्या ऑफिसातली ती बाई अजून तशीच का? सविस्तर लिही. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लाकूड आता टबात बुडवून ठेवलंय, वर वीट ठेवून. इतकी वर्षं कोरडं होतं, तरंगतं अजून. ते खाली बसेस्तोवर तुझं उत्तर आलं पाहिजे.

तुझी,
सुमा

ता. क. येताना तुझा पोलराइज्ड गॉगल आण. दादाने माझ्या नकळत कारखान्यात फोन करून टफन्ड सांगितली असेल अशी मला दाट शंका आहे. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरून गॉगलमधून पाहिलं की टफन्डवर ठिपके-पट्टे उमटतात, साध्या काचेत तसे दिसत नाहीत. काचा आल्या आल्या, सिलिकॉन उघडायच्या आधी, पाचही तपासू.