फ्लीटच्या काठावरून बाबांना

डॉर्सेट, इंग्लंड
२९ मे

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, ‘तिथे पाहिलेस ते नेमके काय, खाडी की खाजण?’ आणि मी उत्तर देण्याआधीच रेंज गेली. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाला ‘तळ्यासारखे काहीतरी आहे’ असे सांगून भागणार नाही, म्हणून कॅरव्हॅनमधल्या घडीच्या टेबलावर बसून सविस्तर लिहीत आहे. बाहेर पाऊस लागलेला आहे, त्यामुळे वेळही आहे.

ते खाजणच आहे. मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने, ऐरोलीतल्या अर्थाने नव्हे. आपल्याकडे खाजण म्हटले की तिवरांच्या आसपासची, भरतीला भिजणारी खारवट जमीन डोळ्यांसमोर येते. इथले फ्लीट म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेली सुमारे १३ किलोमीटर लांबीची पाण्याची चिंचोळी पट्टी आहे, आणि ती व खुला समुद्र यांच्यामध्ये चेसिल नावाचा नैसर्गिक बांध आहे. तुम्ही फळ्यावर काढायचात तो वाळूचा दांडाच, फक्त यात बहुतेक सगळे गारगोटीचे गोटे आहेत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढत गेली तसे लाटांनी हे गोटे जमिनीकडे लोटत आणले आणि त्यांच्यामागे पाणी अडकले, असे सांगतात.

गोट्यांची गंमत तुम्हाला आवडेल. बांधाची एकूण लांबी सुमारे २९ किलोमीटर. पश्चिमेला वेस्ट बेच्या टोकाला गोटे वाटाण्याएवढे, तर पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे. रात्री अंधारात किनाऱ्याला लागलेले इथले मच्छीमार हातातला गोटा चाचपून आपण कुठे आलो ते ओळखत, अशी जुनी गोष्ट आहे. थोरल्याने दोन गोटे खिशात घातले होते. ते न्यायला मनाई असल्यामुळे मी ते परत टाकायला लावले आणि अर्धा तास त्याचा रुसवा सहन केला.

दोन दिवसांत मिळून आम्ही जवळजवळ सगळा काठ चाललो. सुरुवात फेरीब्रिजला केली, कारण समुद्राचे पाणी फ्लीटमध्ये शिरते ते तिथल्या अरुंद तोंडातून. ओहोटी होती, गाळ उघडा पडला होता, आणि ऐरोलीच्या पुलावर गाडीची काच खाली केल्यावर येतो अगदी तसाच वास आला; जावईबापूंनी नाकाला रुमाल लावला, मला मात्र बरे वाटले. धाकटी वाट सोडून त्या गाळात उतरली. पाय निघाला, बूट राहिला. तिला काखेत धरून मी दुसऱ्या हाताने तो ओढला, तेव्हा ‘फच्च’ असा आवाज होऊन तो काळ्या चिखलाने तुडुंब भरलेला वर आला, आणि त्यातून एक एवढासा खेकडा तिरका पळाला. ती रडायची थांबली ती त्या खेकड्यामुळे.

पुढे चिकरेलजवळ नेमबाजीचे मैदान आहे. तिथे लाल निशाण फडकत असल्यामुळे शेतांतून लांबचा वळसा घ्यावा लागला. फ्लीट गावात जुन्या चर्चचा फक्त एक भाग उभा आहे. नोव्हेंबर १८२४ च्या वादळात समुद्र चेसिलच्या माथ्यावरून आत आला आणि बाकीचे चर्च व बरीचशी घरे घेऊन गेला. त्या भिंतीशी उभे राहून पाहिले तर समोर शांत पाणी आणि पलीकडे तो बांध, एवढेच दिसते. लाटा इथवर आल्या असतील हे मनाला पटत नाही. याच पाण्यावर डिसेंबर १९४२ पासून उसळत जाणाऱ्या बॉम्बच्या चाचण्या झाल्या होत्या, हे मला इथे आल्यावरच कळले.

शेवटचा टप्पा ॲबट्सबरीचा. तिथल्या मठातले भिक्षू खाण्यासाठी हंस पाळत असत. मठ १५३९ मध्ये मोडला, हंस अजून आहेत. सध्या पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस असल्यामुळे माद्या अगदी वाटेला लागून घरट्यांवर बसल्या होत्या आणि राखाडी पिल्ले त्यांच्या पंखांखालून डोकी काढत होती. या टोकाला ओढ्यांचे गोडे पाणी मिसळते, म्हणून पाणी कमी खारट, आणि भरती-ओहोटीही जेमतेम जाणवते. खाडी म्हणायला माझी जीभ वळली नाही ती यामुळेच. आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होतेत. फ्लीटही त्याच यादीत आहे.

फ्लेमिंगो गेले का, की अजून काही रेंगाळले आहेत, ते कळवा. आईला सांगा की तिने दिलेले मेतकूट आज संपले. पावसात कॅरव्हॅनच्या एका शेगडीवर मऊ भात केला, आणि मुलांनी डबा पुसून खाल्ला.

आपली,
ताई