तण काढता काढता पीक उपटणाऱ्या पोरीकडून

आदरणीय काका,

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही ना हार घेतला, ना कुणाला भाषण करू दिलं. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आता थांबवून दाखवा.

तो मे आठवतो? बाहेर नागपूरचं ऊन, रामन स्पेक्ट्रोमीटरच्या (लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या मशीनच्या) खोलीतला एसी बंद आणि त्याच्या जागी कुठूनतरी उचलून आणलेला कूलर. मी कन्हान नदीतल्या शिंपल्यांचा चुरा मोजत होते. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, पण ते कॅल्साइट की ॲरागोनाइट (पदार्थ तोच, स्फटिकाची रचना वेगळी), हे ७०० वेव्हनंबरच्या (आलेखाच्या आडव्या अक्षावरचं माप) पुढे कळतं. कॅल्साइटचं एकच पीक (म्हणजे आलेखातला सुळका, इंग्रजीतला peak), ७१२ ला. ॲरागोनाइटची मात्र जोडी, ७०१ आणि ७०६ ला. माझ्या आलेखात तिथं नॉइजचं, म्हणजे निरर्थक खालीवर थरथरीचं, नुसतं गवत माजलं होतं. मग मी कॉम्प्युटरवर २५ बिंदूंची सरकती सरासरी लावली, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या जागी आजूबाजूच्या २५ बिंदूंची सरासरी. रेघ इस्त्री केल्यासारखी झाली आणि जोडीच्या जागी एक बुटका उंचवटा उरला. मी खुशीत तुम्हाला दाखवायला आणला.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, तण काढता काढता पीकच उपटलं ना तू!"

चूक साधी होती. माझे बिंदू अर्ध्या वेव्हनंबरवर होते, म्हणजे २५ बिंदूंत बारा वेव्हनंबर मावत होते. ज्या दोन पिकांत अंतरच पाचाचं, ती त्या खिडकीत वेगळी राहणार कशी?

मला वाटलं, आता तुम्ही रेघ गुळगुळीत करायचा दुसरा फिल्टर सांगाल. तुम्ही मशीनच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवलात. पाणी थरथरत होतं. कूलर बंद केलात, पाणी थांबलं. "उद्या सकाळी सहाला ये," एवढंच बोललात. मी मनात चार शिव्या घातल्या होत्या, हे आज कबूल करते.

सकाळी तुम्ही सोळा स्कॅन घ्यायला लावलेत. "खरं दर खेपेला तिथंच येते, नॉइज जागा बदलते." बेरजेत सिग्नल सोळापट वाढला, नॉइज फक्त चौपट, म्हणजे चारपट फायदा. मी लगेच म्हटलं, मग ६४ घेऊ! तुम्ही घड्याळाकडे बोट दाखवलंत: वेळ चौपट, फायदा फक्त दुप्पट, आणि तोवर खोली तापणार.

त्यातल्याच एका स्कॅनमध्ये सुईसारखं उंच पीक आलं आणि मला नवं खनिज सापडल्याचा भास झाला. तुम्ही हसलात, चक्क खुर्ची धरून. तो वैश्विक किरण होता, अवकाशातून येऊन मशीनच्या डिटेक्टरवर आदळलेला. शेजारच्या स्कॅनशी ताडून तो आधी काढायचा, सरासरी नंतर. नाहीतर गुळगुळीत करताना ती सुई पसरते आणि खऱ्या पिकासारखी दिसायला लागते. हा क्रम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

सॅवित्स्की आणि गोले यांची रेघ गुळगुळीत करायची १९६४ ची पद्धत तुम्ही अगदी शेवटी काढलीत, तीही जुन्या बिलाच्या पाठीवर. पाच बिंदू, त्यांना अनुक्रमे उणे ३, १२, १७, १२, उणे ३ ने गुणायचं, बेरीज करायची आणि भागायचं ३५ ने. "काहून उणे?" मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पाच बिंदूंतून हातानं वर्गसमीकरणाचा वक्र बसवायला लावलात. दीड तास गेला. पण नुसती सरासरी पिकाचा माथा का छाटते आणि हा वक्र तो बराचसा का राखतो, ते त्या दिवशी हाताला कळलं. नऊ बिंदूंची खिडकी लावली, तेव्हा ७०१ आणि ७०६ दोन्ही उभे होते. ॲरागोनाइट!

चहा पिताना तुम्ही सांगितलंत की ज्यांच्या नावाचं हे मशीन ते सी. व्ही. रामनसाहेब १९१० मध्ये नागपुरात सरकारी हिशेबखात्यात होते, रामन परिणामाचा शोध लागायच्या अठरा वर्षं आधी. "हिशेबाचा माणूस होता, आकडे पुसत नव्हता," असं म्हणून मला पुन्हा टोमणा मारलात.

प्रबंध बांधून आला आहे. त्यातली ती आकृती तुमच्यासाठी मोठी छापून घेतली आहे, खाली कच्ची रेघही ठेवली आहे, तुमच्या आग्रहाप्रमाणे. रविवारी तर्री पोहे खायला या. सोळा खेपा बोलावणार नाही.

तुमची,
सकाळी सहावाली पोरगी