‘पाता’ म्हणजे पाय नव्हे, तंगडी

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत शरीराच्या अवयवांची बोली स्पॅनिशमधील नावे वाचून आनंद झाला. पाठ्यपुस्तके ‘काबेसा’ (डोके), ‘प्येर्ना’ (पाय) आणि मराठी विद्यार्थ्यांना हमखास हसवणारा ‘बोका’ (तोंड) यांपलीकडे सहसा जात नाहीत. मात्र आपल्या यादीत ‘कोको’, ‘पाता’ आणि ‘पीको’ यांच्यासमोरही डोके, पाय, तोंड असेच अर्थ दिले आहेत, आणि माझी हरकत नेमकी तेथे आहे.

‘पाता’ हा मुळात जनावराच्या किंवा टेबलाच्या पायासाठीचा शब्द. माणसाला लावला की त्याची तंगडी होते. शिकाऊ असताना माद्रिदमधील एका डॉक्टरांना सुजलेला गुडघा दाखवत मी ‘मे दुएले ला पाता’ असे गंभीरपणे सांगितले, तेव्हा त्यांनी हसू आवरण्यासाठी बराच वेळ चष्मा पुसला. ‘डॉक्टर, माझी तंगडी दुखते’ असे पुण्यात मी कधीच म्हटले नसते. मराठीत तंगड्या ताणून माणूस झोपतो. स्पॅनिशमध्ये त्याने ‘पाता’ ताणली की तो मेलाच म्हणून समजावे.

आपल्याकडे टाळके, थोबाड, तंगडी, नरडे, ढेरी असे तयार शब्द असताना बोलीतील शब्दाला प्रमाण भाषेतील अर्थ का द्यावा? ‘कोको’ म्हणजे नारळ, म्हणून टाळके. ‘पीको’ म्हणजे चोच, म्हणून थोबाड, असे छापले असते तर हा शब्द कोणापुढे वापरावा आणि कोणापुढे नाही, हे वेगळे सांगावे लागले नसते. काही ठिकाणी तर जोडी आपोआपच जमते. कमरेवरच्या वळ्यांना आपण ‘टायर’ म्हणतो, तर स्पेनमध्ये त्यांना ‘मिचेलीनेस’ म्हणतात. मिशलँ (मिशेलिन) या टायर कंपनीच्या, १८९८ साली जन्मलेल्या टायरमानवावरून हा शब्द आला.

यादीत नसलेला एक शब्द मराठी वाचकांना जवळचा वाटेल. रोमा (जिप्सी) लोकांच्या कालो बोलीतून स्पॅनिशमध्ये आलेला, तोंडाला वा जिभेला लावला जाणारा ‘मुइ’ हा संस्कृत ‘मुख’ या शब्दाचाच वंशज आहे.

सुधारित यादी छापल्यास प्रत्येक शब्दापुढे देशही द्यावा, ही विनंती. ‘कोला’ म्हणजे स्पेनमध्ये शेपूट किंवा रांग, पण अर्जेंटिनात आई बाळाच्या ढुंगणालाही ‘कोला’च म्हणते. ‘कोदो’ म्हणजे सगळीकडे कोपर. मेक्सिकोत मात्र चिक्कू माणसालाही ‘कोदो’ म्हणतात, आणि तेथे बिल देताना कोणी आपल्याकडे पाहत स्वतःचे कोपर थोपटले, तर ते दुखते आहे असे समजू नये.

आपली,
एक स्पॅनिश शिक्षिका, पुणे