आरोग्यमंत्री साहेब, लहान पोरांचा एक्स-रे वाचणार कोण?

नमस्कार साहेब,

मी एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे, गाव-जिल्हा सांगत नाही, अजून नोकरी करायचीय. जिल्ह्याला नवीन सीटी स्कॅन आलं की फीत कापायला सगळे येतात, पण पोराच्या छातीतली गाठ बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसते ती साध्या एक्स-रेवर, आणि ते मशीन आमच्याकडे आहेच की! नाहीये तो वाचणारा. रेडिओलॉजिस्टचं पद रिकामं, मेडिकल ऑफिसरपुढं रांग लागलेली, ते बिचारे फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात, फारच शंका आली तर मोबाईलवर तिचा फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सॲप करतात, असं चाललंय.

आणि लहान मुलांची छाती वाचणं सोपं नाही हो. बाळांमध्ये थायमस ग्रंथी एवढी मोठी असते की हृदयाच्या बाजूला शीड उभारल्यासारखी दिसते, नॉर्मल असते ती, पण गाठ समजून आईबापाला कर्ज काढून मुंबईला पळवलेलं मी बघितलंय, तिथं छातीची सोनोग्राफी करून भागलं असतं. उलटं पण होतं. दहा-बारा वर्षांचं पोरगं, खोकला, गळ्याला गाठी, आडवं झालं की दम लागतो म्हणून रात्री बसूनच झोपतं, एक्स-रेत छातीचा मधला भाग रुंद. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असू शकतो. पण आपल्याकडं टीबी एवढा की आधी तोच धरतात, नाहीतर दमा समजून स्टेरॉइड चालू करतात, त्यानं गाठ काही दिवस आकसते, घरचे म्हणतात बरं वाटतंय, आणि पुढं बायोप्सीत निदान लागायची पंचाईत.

अशा पोराला सीटीच्या टेबलावर उताणं झोपवून झोपेचं इंजेक्शन द्यायचं म्हणजे जिवाशी खेळ, कारण छातीत पुढच्या बाजूला असलेली गाठ श्वासनळीवर दाबते. भूलतज्ज्ञ हजर नसेल तर असं झोपवून सीटी करूच नये. शिवाय रेडिएशनचा त्रास लहान वयात जास्त, तरी काही ठिकाणी मोठ्या माणसाच्याच सेटिंगवर बटण दाबतात, वजन कोण विचारतो.

साहेब, नवीन मशीन नको. डिजिटल एक्स-रे आणि धड चालणारं इंटरनेट द्या, मुलांच्या छातीचा प्रत्येक एक्स-रे त्याच दिवशी टेलिरेडिओलॉजीनं, म्हणजे इंटरनेटवरून दुसरीकडच्या रेडिओलॉजिस्टकडून, वाचला जाईल असं परिपत्रक काढा, छातीचा मधला भाग रुंद दिसला तर स्टेरॉइडआधी मोठ्या डॉक्टरांना फोन करायची सक्ती करा, आणि पोराला परळच्या टाटाला पाठवताना इमेजची सीडी सोबत द्यायला सांगा, नाहीतर तिथं सगळं पहिल्यापासून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण निदान लागेपर्यंतची एसटीची तिकिटं आणि बाहेरच्या तपासण्या बापाच्याच खिशातनं जातात, त्याचं पण बघा.

आणि हो, आमच्याकडं मुलांच्या मापाचं, रेडिएशन अडवणारं लेड ॲप्रन एकच आहे आणि ते फाटलंय. मागणीपत्र दोनदा पाठवलंय.

आपला,
एक टेक्निशियन